जिन्यावरची ठेव

“तिथं शाळेच्या जिन्यावर माझी पायरी आहे,” ती एकदा आईला म्हणाली.

आई तेव्हा कुणाच्या तरी लोकरी जाकिटाची बाही खिडकीच्या उजेडात धरून कसरीनं खाल्लेलं भोक शोधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “का गं, शाळेत बाकं कमी पडली?”

“बाकावर कुणीही बसतं.”

आईला हसू आलं. पायरी ओळखून वागावं, पायरी सोडून बोलू नये, एवढंच पायरीबद्दल तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. पायरी मिळाली म्हणून कुणी असं उजळून निघतं, हे तिला नवीन होतं. “बस हो बाई तुझ्या पायरीवर,” ती म्हणाली. “दप्तर तेवढं जमिनीवर टेकवू नकोस, झुरळं शिरतात.”

मुलगी पंधरा वर्षांची. अंगानं बारीक, नाक टोकदार आणि बोलणं त्याहून टोकदार, म्हणून शाळेत तिला टाचणी म्हणत. नाव तिला आवडायचं नाही. पण नाव ठेवणारे निदान आपल्याकडे बघतात तरी, असं मनाशी म्हणून ती त्या नावाला ओ द्यायची. वडील लांबच्या ट्रकवर. घरी येत ते पाहुण्यासारखे. चहात साखर किती, हे त्यांना दर खेपेला विचारावं लागे. घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं, वर दिवसभर काहीच आपटायचं नाही. अशा घरात वाढलेलं पोर एक तर बडबडं होतं, नाही तर कान देऊन ऐकणारं. टाचणी ऐकणारी होती. नववीत येईपर्यंत तिला एकही जवळची मैत्रीण नव्हती. भूमितीचं पुस्तक मात्र तिला जवळचं होतं. त्यात दोन रेषा समांतर आहेत म्हटलं की त्या शेवटपर्यंत समांतरच राहत.

आई रफूचं काम करायची. बाजाराच्या रस्त्यावर कपडे धुण्याचं, रंगवण्याचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या दर्शनी काचेआड एक टेबल, टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली आई. येणारेजाणारे थबकून बघत. फाटलेल्या कोटाच्याच आतल्या शिवणीतून ती तंतू काढायची, आणि एक वर, एक खाली असा विणत भोक बुजवायची. काचेवर मालकिणीनं रंगवून घेतलं होतं: ‘भोक कुठं होतं ते सापडलं तर परत या.’ अकरा वर्षांत कुणी परत आलं नव्हतं.

गेल्या वर्षी आईच्या डाव्या डोळ्यात मधोमध एक राखाडी ठिपका आला. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण जाणारही नाही. उजवा डोळा अजून घारीचा होता. कापड ताणून दिव्याखाली धरलं की एकेक तंतू तिला मोजून घेता यायचा. घोडं अडलं ते सुई ओवण्यापाशी. त्या कामाला दोन्ही डोळ्यांनी एकमेकांची साक्ष काढावी लागते. एकट्या डोळ्याला सुईचं नेढं जिथं दिसे, तिथं ते नसेच. काचेआड बसलेली रफूवाली चार-चारदा दोरा चुकवताना कुणी बघितली असती, तर कोट परत घेऊन गेलं असतं.

म्हणून रोज सकाळी साडेपाचला टाचणी सुया ओवायची. छत्तीस सुया. जुन्या मोज्यात भुसा भरून केलेल्या गादीवर त्या ओळीनं टोचायच्या: काळ्या डावीकडं, मग करड्या, तपकिरी, निळ्या, आणि अगदी उजवीकडं पांढऱ्या. ही मांडणी टाचणीचीच. आईनं न बघता हात घालावा आणि हवा तो रंग हाती लागावा. दुकानात आई सांगायची, “घरून ओवून आणल्या की काम झपाट्यानं उरकतं.” मालकीण इतर बायकांना म्हणायची, “बघा, याला म्हणतात कामाची शिस्त.”

त्या अर्ध्या तासात मायलेकी फारसं बोलत नसत. आई चहा करायची आणि गुणगुणायची. मध्येच म्हणायची, “दोरा नेढ्याकडं नेऊ नकोस गं, नेढं दोऱ्याकडं आण. दोरा लोचट असतो, सुई शहाणी असते.” आणि एकदा, फक्त एकदाच, म्हणाली, “हे आपल्या दोघींतच हं. तुझ्या बाबांनासुद्धा नाही.”

शाळेच्या गच्चीला कुलूप होतं. पण गच्चीकडं जाणारा शेवटचा जिना उघडा होता आणि तिथं कुणी फिरकत नसे. त्या जिन्यावर मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर पाच मुली बसायच्या. त्यांना अख्खी शाळा ‘जिन्यावरच्या’ म्हणायची. सगळ्यांत वरच्या पायरीवर हेडबाई. ही शिक्षिका नव्हे, वर्गातलीच मुलगी. पण बोलायची अशी, की मास्तरसुद्धा आधी उभे राहतील आणि मग त्यांना आपण मास्तर असल्याचं आठवेल. तिच्या खाली कात्री, जिची जीभ कुणाचंही बोलणं मध्येच कापायची. मग खार, पुढचे दोन दात मोठे, डोळे सतत भिरभिरते, हसताना तोंडावर हात. चौथी एक गप्प मुलगी, जी फक्त माना डोलवायची. पाचवीच्या वडलांची बदली झाली आणि तळची पायरी रिकामी झाली.

“रिकामी पायरी बरी दिसत नाही,” हेडबाई टाचणीला म्हणाली. “येतेस?”

पंधराव्या वर्षी असा प्रश्न कुणी विचारला, तर का म्हणून कोण विचारतं? टाचणी गेली. पहिल्या आठवड्यातच तिची चाल बदलली. मग केस विंचरणं बदललं, मग हसणं. जिन्यावरच्यांचं हसू वरून खाली यायचं: हेडबाई हसली की कात्री, मग खार, मग ती गप्प मुलगी. टाचणीपर्यंत पोचेस्तोवर विनोद संपलेला असायचा. पण हसायचं ते हसायचंच. भूमितीच्या वहीत त्या महिन्यात तीन पानं कोरी गेली. मास्तर म्हणाले, “काय गं, तुझ्या रेषा कुठं गेल्या?” जिन्यावरच्या त्यावर दोन दिवस हसल्या. तीही हसली.

तिसऱ्या आठवड्यात हेडबाईनं नियम सांगितला. “इथं बसायचं तर ठेव ठेवावी लागते.”

“कसली?”

“गुपिताची. आम्ही सगळ्यांनी ठेवलीय.”

टाचणीनं थोडा विचार केला. आपण पाचवीत असताना वर्गात चड्डी ओली केली होती, ते सांगावं असं तिला वाटलं. ती तोंड उघडणार तोच कात्री म्हणाली, “स्वतःचं नाही हं चालत. स्वतःचं काय, कुणीही सांगतं. घरातलं पाहिजे. दुसऱ्या कुणाचं तरी.”

“असं, की ते फुटलं तर तुला घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही,” हेडबाई म्हणाली. ती हे अगदी हळुवार म्हणाली, परिचारिका सुई टोचण्याआधी बोलते तसं. “म्हणजे मग आपण एकमेकींना कधीच दगा देऊ शकत नाही. विश्वास म्हणजे दुसरं काय असतं?”

टाचणीला तो युक्तिवाद बिनतोड वाटला. भूमितीतल्या प्रमेयासारखा. सगळ्यांचं सगळ्यांकडं आहे, म्हणून सगळे सुरक्षित. तिनं सुयांचं सांगितलं. साडेपाच वाजताचं, मोज्याच्या गादीचं, डाव्या डोळ्यातल्या ठिपक्याचं.  खारीनं तिचा हात हातात घेतला. ती गप्प मुलगी रडली. हेडबाई दोन पायऱ्या उतरून खाली आली आणि तिनं टाचणीला मिठी मारली. चार जणींचे आठ हात. इतके हात तिच्या अंगाभोवती आजवर कधीच नव्हते. घरी जाताना तिला पिसासारखं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुया ओवताना आई नेहमीसारखी गुणगुणत होती. टाचणीनं तिला सांगितलं, “आई, गाऊ नकोस ना, लक्ष जातं.” आई गप्प झाली.

ठेव म्हणजे काय, ते टाचणीला दोन महिन्यांनी समजलं, आणि तेही दुसऱ्याच्या ठेवीवरून. खारीनं हेडबाईच्या वाढदिवसाला जायचं टाळलं. ताप आला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेतली झाडूवाली म्हातारी ओल्या फरशीवर घसरून बसली. फार लागलं नव्हतं. फडकं हातात धरून ती स्वतःवरच हसत होती. मुली बाजूनं जात होत्या. तेवढ्यात हेडबाई सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “अगं खार, आजी पडल्या बघ तुझ्या! सख्ख्या आजीला उचलायचं नाही होय?”

खारीची ठेव ती होती. तीन वर्षं ती त्या म्हातारीसमोरून अनोळखी माणसासारखी जात होती, आणि म्हातारीही नातीची लाज राखून फरशी पुसत मान वळवत होती.  वऱ्हांड्यात हसू आलं, वरून खाली. हेडबाई, कात्री, ती गप्प मुलगी. आणि टाचणी. ती हसली. ते हसू आपल्याच तोंडातून निघालं, हे तिला नंतर कळलं. ठेच लागल्यावर ओरडणं आधी येतं आणि दुखणं मागून येतं, तसं. म्हातारी स्वतःच उठली. खारीला म्हणाली, “चुकलं हो बाळा, मी दुसऱ्या मजल्यावर काम मागून घेते.”

खारीची जिन्यावरची पायरी गेली. वर्गात तिच्याशी बोलायचं नाही, असं ठरलं. दहा दिवस कुणी बोललं नाही. अकराव्या दिवशी स्वच्छतागृहात नळाशी दोघी एकट्याच होत्या. खारीनं पाण्याकडं बघत विचारलं, “भूमितीचं काय काय झालं गं? माझं सगळं राहिलंय.” टाचणीनं दाराकडं बघितलं. दप्तरातून स्वतःची वही काढली आणि तिच्या हातात कोंबली. “सोमवारी दे. कुणाला दाखवू नकोस.”

“देवाशपथ नाही,” खार म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टाचणीला वाटलं, ते हसू आता थोडं फिटलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती नेहमीप्रमाणे दुकानात गेली. संध्याकाळच्या रहदारीत आईला रस्ता ओलांडायला जवळ कुणीतरी हवं असायचं. काचेआडचं टेबल रिकामं होतं. मागच्या खोलीत, जिथं वाफेची इस्त्री चालायची, तिथं आई उभी होती. समोर मालकीण, हातात एक गडद हिरवा कोट.

“ये, तूही ये,” मालकीण टाचणीला म्हणाली. “बरं झालं आलीस. नाहीतर मला बोलवायलाच पाठवायचं होतं.”

मालकीण वाईट बाई नव्हती. दुकानातल्या मुलींची लग्नं, बाळंतपणं, आजारपणं तिनं निभावून नेली होती. पण लोकांचा कपडा तिच्या दृष्टीनं लोकांच्या लेकरासारखा होता; हयगय चालायची नाही.

“आज दुपारी एक मुलगी आली होती,” ती आईला म्हणाली. “हा तिच्या आईचा कोट. गोड मुलगी हो, बोलणं किती अदबीचं! म्हणाली, ‘काकू, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते. त्या रफूच्या काकूंना एका डोळ्यानं दिसत नाही ना? आम्हाला फार काळजी वाटते. रोज सुया त्यांची मुलगीच ओवून देते. तीच म्हणाली आम्हाला.’”

इस्त्रीतून वाफ सुटली. आईनं टाचणीकडं बघितलं नाही. नंतरही बघितलं नाही.

“खरं आहे का हे, ताई?”

“छे हो,” आई म्हणाली. एवढ्या सहज, की टाचणीलासुद्धा क्षणभर पटलं. “माझी मुलगी खोटं बोलते, बाई. लहानपणापासूनची सवय. मैत्रिणींत भाव खायला काय वाटेल ते रचून सांगते. मागं एकदा बाप मेला म्हणून सांगून आली होती शाळेत. काय करायचं सांगा! पोटचा गोळा, टाकता येत नाही.”

असं काही कधी घडलं नव्हतं. वडील मेल्याचं टाचणीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली. आई फाटका कोट जितका नेटका जोडायची, तितकीच नेटकी ती हे जोडत होती. एक वर, एक खाली.

“तसं असेल तर प्रश्नच मिटला,” मालकीण म्हणाली. तिनं पदराची सुई काढावी तशी सहज एक सुई आणि काळा दोरा पुढं केला. “माझ्या मनाची शांती म्हणून ओवून दाखवा. राग मानू नका. उद्या गिऱ्हाइकानं विचारलं, तर मला डोळ्यांत डोळे घालून सांगता यायला हवं.”

आईनं सुई घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, अंगठा आणि तर्जनी यांच्यात इतकं दाबून धरलं की बाहेर काहीच दिसू नये. मग ती मालकिणीकडं तोंड वळवून बोलायला लागली, कोटाबद्दल. कोपर विरलंय, आतून अस्तर लावावं लागेल, शुक्रवारऐवजी शनिवारी न्या म्हणावं. बोलता बोलता तिनं सुई चिमटीवर आणली आणि दाबली. एकदाच. बोटं उघडली. दोरा नेढ्यातून पार झालेला होता.

मालकीण हसली, खळखळून हसली. “न बघता! अहो, आणि मी मूर्खासारखी...” तिनं आईचा खांदा थोपटला. मग टाचणीकडं वळली. “काय गं, आईची भाकरी घालवायला निघाली होतीस? खोटं बोललीस ना?”

“हो,” टाचणी म्हणाली.

“मोठ्यानं बोल.”

“हो. मी खोटं बोलले.”

रस्ता ओलांडताना आईनं तिचा हात धरला नाही. गाड्या थांबेस्तोवर कडेला उभी राहिली आणि इतर माणसांच्या लोंढ्याबरोबर पार झाली. घरी आल्यावर भात टाकला, डाळ टाकली. टाचणी उंबऱ्यात बसून होती. ओरडा, मार, काहीतरी यावं म्हणून ती वाट बघत होती.

“आई, कसं ओवलंस?”

“बोटांनी.”

“म्हणजे तुला आधीपासून येत होतं?”

आईनं डाळ ढवळली. “पंधरा दिवस उशीखाली सुई ठेवून शिकले. म्हटलं, तुझी दहावी येईल, तुला पहाटे अभ्यासाला उठता यावं. सांगणार होते तुला रविवारी.” मग चमचा ठेवला. “किती जणींना माहीत आहे?”

“चार.”

“चारच ना. बरं.”

सगळं मिळून एवढंच ती त्या बाबतीत बोलली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला टाचणी उठली, तेव्हा गादीवर छत्तीस सुया ओवून तयार होत्या. काळ्या, करड्या, तपकिरी, निळ्या, पांढऱ्या. एकही चूक नव्हती. “झोप अजून,” आई म्हणाली. चहा एकच कप केला होता.

मालकीण भल्या मनाची, आणि भली माणसं चांगली गोष्ट चारचौघांना सांगतात. न बघता सुई ओवणाऱ्या रफूवालीची गोष्ट तिनं येईल त्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगितली, आणि त्या गोष्टीत एक खोटारडी मुलगीही होती. गिऱ्हाइकांत शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या. पंधरवड्यात टाचणीचा कंपास वर्गातून चोरीला गेला. तिनं तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, “घरीच असेल. नीट आठव, रचू नकोस.” प्रयोगवहीवरची सही खरी आहे का, हे तिला दोनदा विचारलं गेलं. सायकलवाला तिचे वडील ट्रकवरून परत आले का विचारताना डोळा मिचकावून म्हणाला, “जिवंत आहेत ना?” आईनं तिला वाचवायला नव्हे, काम वाचवायला एक भोक बुजवलं होतं, तंतू मात्र मुलीच्या अंगावरून काढला होता. टाचणीला ते समजत होतं. आपण काय केलं, तेही समजत होतं. समजण्यानं झोप येत नव्हती.

मग एका दुपारी वहीतून चिठ्ठी आली. हेडबाईचं अक्षर: ‘शनिवारी दोन वाजता माझ्या घरी ये. मिटवून टाकू.’

ती गेली. का गेली, हे कुणी विचारू नये. तीन आठवडे तिच्याशी कुणीही बोललं नव्हतं आणि चिठ्ठीत ‘ये’ लिहिलं होतं.

हेडबाईच्या घरी बूट दाराशी काढायचे होते. बैठकीची खोली मोठी, थंड. मध्ये बुटकं काचेचं टेबल. सोफ्यावर हेडबाई, कात्री, ती गप्प मुलगी. आणि त्यांच्यामध्ये, उशीला टेकून, खार.

टाचणी दारातच थांबली.

“ये ना,” खार म्हणाली. “बस.” बसायला एक ठेंगणा वेताचा मोडाच उरला होता. त्यावर बसलं की टेबल छातीशी यायचं.

“हिला परत घेतलंय आम्ही,” हेडबाई म्हणाली. “चूक कबूल केली की आम्ही मन मोठं करतो. तू वही दिलीस, ते हिनंच येऊन सांगितलं. प्रामाणिकपणा याला म्हणतात.”

आजवर टाचणीला वाटत होतं की कात्रीनं कुठूनतरी बघितलं असावं. तिनं खारीकडं बघितलं. खारीनं तोंडावर हात ठेवला, पण ती हसत नव्हती.

“मी काय करणार होते गं?” खार म्हणाली. “तुला माहितीये ना एकटं कसं वाटतं.”

“ते जाऊ दे,” कात्रीनं तिचं बोलणं कापलं. “मुद्द्याचं बोल.”

“मुद्दा असा,” हेडबाई पुढं झुकली. “तू खोटी ठेव ठेवलीस, असं सगळे म्हणतात. आमची ठेव खरी आणि तुझी खोटी, म्हणजे तू आम्हाला फसवलंस. पण मला वाटतं तू फसवलं नाहीस. मला वाटतं तू खरंच बोलली होतीस, आणि तुझ्या आईनं तुला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं. स्वतःच्या मुलीला! मला इतकं वाईट वाटलं ना.”

आणि हे ती पुन्हा त्याच हळुवार आवाजात म्हणाली.  तीन आठवडे ज्या वाक्याची टाचणी वाट बघत होती, ते नेमकं हेच होतं. आणि ते या तोंडातून आलं.

“आम्हाला फक्त खरं सांग,” खार म्हणाली. “म्हणजे तू परत आमच्यात. वर्गात आम्हीच सांगू की ही खोटी नाही. बाईंनासुद्धा सांगू. तुझ्या आईला दिसत नाही ना एका डोळ्यानं? एवढंच बोल. हो किंवा नाही.”

खारीचा मोबाईल टेबलावर पालथा ठेवलेला होता. सोफ्यावरून त्याची नुसती काळी पाठ दिसत होती. पण टाचणीनं मोड्यावर बसल्या बसल्या मान गुडघ्यांपर्यंत खाली घातली होती, आणि टेबल काचेचं होतं. काचेच्या खालून तिला पडदा दिसत होता. एक लाल ठिपका, आणि त्याच्या शेजारी सेकंद पळत होते. चार मिनिटं अकरा. चार मिनिटं बारा.

तिनं वर बघितलं. हेडबाईच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी वाटावी अशी. ती गप्प मुलगी मान डोलवत होती. खारीची नजर तेवढी टाचणीच्या नजरेचा माग काढत काचेकडं आली, आणि टाचणीला दिसलंय हे खारीला कळलं. तिनं मोबाईल उचलला नाही. ती हेडबाईकडं बघायला लागली.

हो म्हटलं तर सोमवारी ते मालकिणीच्या कानावर पडणार होतं. नाही म्हटलं तर पहिल्यांदा मालकिणीसमोर म्हटलं तेच पुन्हा, या वेळी आपल्याच आवाजात, कायमचं.

“बोल की गं,” कात्री म्हणाली. “दातखीळ बसली का?”

टाचणी मोड्यावरून उठली.

“अगं, थांब ना,” खार म्हणाली. “काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर. तुझ्यासाठी मीच हेडबाईचे पाय धरले होते, माहितीये?”

टाचणीनं दप्तर खांद्याला लावलं. दाराशी जाऊन खाली बसली, बूट घातले. डाव्या बुटाची नाडी सुटून लांब झाली होती. तिनं ती ओढून सारखी केली आणि सावकाश बांधली. मग उजवी. 

“जिन्यावर परत यायचं नाही मग,” हेडबाईचा आवाज आला. त्यात आता हळुवारपणा नव्हता. “कधीच नाही. ऐकलंस का?”

दाराची कडी वर होती. टाचणीनं टाचा उंचावल्या, ती काढली आणि बाहेर पडली.